चौकातला कॅमेरा आणि घरी येणारे चलन



निंबर्ग्याची गाडी कामानिमित्त आळंदला जाते, कलबुर्गीला जाते, आणि सीमा ओलांडून अक्कलकोट-सोलापूरलाही जाते. पूर्वी चौकात पोलीस शिट्टी वाजवत, गाडी बाजूला घ्यायला लावत आणि पावती फाडत. जे काही बोलणे व्हायचे ते तिथेच व्हायचे. आता अनेक शहरांत कोणी अडवतच नाही. काही दिवसांनी मालकाच्या मोबाइलवर संदेश येतो की अमुक चौकात, अमुक वाजता तुमच्या गाडीने नियम मोडला, एवढा दंड भरा. संदेश इंग्रजीत किंवा कन्नडात असला की तो वाचायला घरातल्या शाळकरी मुलालाच हाक मारली जाते. म्हणून हा पाठ.

दंड कसा चुकवावा हे आम्ही इथे शिकवणार नाही. दंड बरोबर असेल तर तो वेळेवर भरावा, चुकीचा असेल तर पुराव्यानिशी तसे सांगावे. या दोन्हींसाठी चलन वाचता आले पाहिजे.

कॅमेरा काय पाहतो?

मुंबईत ई-चलनाची पद्धत २०१६ मध्ये सुरू झाली. आपल्या राज्यात बंगळूरच्या ५० चौकांत डिसेंबर २०२२ मध्ये मोठी यंत्रणा बसवली गेली. तिच्यात गाडीचा क्रमांक वाचणारे २५० आणि लाल दिवा ओलांडणारी गाडी टिपणारे ८० कॅमेरे होते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर अशी यंत्रणा जुलै २०२४ मध्ये चालू झाली.

लाल दिव्याचा कॅमेरा सिग्नलशी जोडलेला असतो. दिवा लाल झाला की तो थांबरेषेवर लक्ष ठेवतो. गाडीने रेषा ओलांडली की चित्रे घेतली जातात. चित्रात लाल दिवा, रेषा आणि गाडी एकत्र दिसली पाहिजे, आणि पाटीवरचा क्रमांकही स्पष्ट दिसला पाहिजे. क्रमांक वाचण्याचे काम संगणक करतो. पाटीवर पडलेला प्रकाश परत कॅमेऱ्याकडे येतो, अक्षरे उठून दिसतात, आणि संगणक एकेक अक्षर ओळखीच्या आकारांशी ताडून पाहतो. इंग्रजी आठचा आकडा आणि 'बी' हे अक्षर, किंवा शून्य आणि 'ओ', यांत त्याचीही गल्लत होऊ शकते. म्हणूनच पाटीवरची अक्षरे ठरावीक आकाराची असावी लागतात. ४१४१ हा क्रमांक 'दादा' असा रंगवून घेणे नियमात बसत नाही.

एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा. कॅमेरा क्रमांक वाचतो, माणूस ओळखत नाही. 'केए ३२' दिसले की यंत्रणेला कलबुर्गीची नोंदणी कळते आणि चलन मालकाच्या नावावर निघते. गाडी मुलाने नेली होती की भाच्याने, हे तिला ठाऊक नसते. ते मालकालाच सांगता आले पाहिजे.

वेगाचे गणित

ताशी किलोमीटरला ३.६ ने भागले की सेकंदाला किती मीटर ते मिळते. ताशी ३६ म्हणजे सेकंदाला १० मीटर, ताशी ७२ म्हणजे सेकंदाला २० मीटर.

समजा, रस्त्यावर १० मीटर अंतरावर दोन खुणा आहेत आणि गाडीने ते अंतर ०.५ सेकंदात कापले. वेग झाला सेकंदाला २० मीटर, म्हणजे ताशी ७२. आता घड्याळ फक्त ०.०५ सेकंदाने चुकले आणि त्याने ०.४५ सेकंद मोजले असे धरा. मग वेग येतो ताशी ८०. सेकंदाच्या विसाव्या भागाने ७२ चे ८० झाले! मर्यादा ७५ असती तर निर्दोष माणसाला दंड झाला असता. यंत्र वेळोवेळी तपासून घेणे का गरजेचे आहे, ते या एका उदाहरणातून कळते.

दुसरी रीत सरासरी वेगाची. दोन ठिकाणी कॅमेरे असतात आणि मधले अंतर माहीत असते. मर्यादा ताशी १०० असेल तर १० किलोमीटरला निदान ६ मिनिटे लागली पाहिजेत. गाडी ५ मिनिटांत पोचली तर सरासरी वेग १२० होता. कॅमेऱ्यासमोर ब्रेक मारून पुढे पुन्हा पळवणाऱ्याची हुशारी इथे चालत नाही.

पिवळ्या दिव्याचा अर्थ

पिवळा दिवा म्हणजे 'लवकर निघा' असे अनेकांना वाटते. खरा अर्थ 'थांबण्याच्या तयारीला लागा' असा आहे. रेषेच्या अगदी जवळ असल्याने सुरक्षितपणे थांबताच येत नसेल, तरच पुढे जावे.

चालकाला दिवा दिसून ब्रेक दाबायला १ सेकंद लागतो आणि ब्रेकने वेग दर सेकंदाला ५ मीटर प्रति सेकंद इतका कमी होतो, असे धरू. ताशी ३६ वेगाने गाडी एका सेकंदात १० मीटर जाते आणि ब्रेक लावल्यावर आणखी १० मीटर, एकूण २० मीटर. ताशी ७२ वेगाने आधी २० मीटर आणि ब्रेकवर ४० मीटर, एकूण ६० मीटर. वेग दुप्पट केला तर थांबायला तिप्पट रस्ता लागला. ओल्या रस्त्यावर, किंवा मागे ऊस भरलेली ट्रॉली असताना, याहून जास्त लागतो. सायकलवरचे मूल गाडीपुढे ४० मीटरवर आले तर पहिला चालक थांबेल, दुसरा थांबू शकणार नाही.

कॅमेऱ्यालाही नियम आहेत

मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये मोठी दुरुस्ती झाली. तिच्यातील कलम १३६-अ ने रस्त्यावर इलेक्ट्रॉनिक देखरेखीची तरतूद केली. मग ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्राने त्यासाठी नियम १६७-अ काढला. त्यात असे ठरले की, यंत्राला राज्य सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र हवे आणि त्याचे दरवर्षी नूतनीकरण हवे. कॅमेरा असलेल्या पट्ट्याआधी लोकांना दिसेल अशी सूचनेची पाटी हवी. अपराध घडल्यापासून १५ दिवसांत नोटीस निघावी, आणि चलनाचा निकाल लागेपर्यंत नोंद जपून ठेवावी.

त्याच अधिसूचनेत १३२ शहरांची यादी होती, जिथल्या महत्त्वाच्या चौकांत अशी यंत्रे बसवायची होती. त्या यादीत आपले कलबुर्गी आहे, सोलापूर आहे आणि लातूरही आहे. म्हणजे आपण ज्या ज्या दिशेला जातो तिथे हा विषय आपल्यापर्यंत येणारच.

चलन आले तर

नियमाप्रमाणे नोटिशीत या गोष्टी असायला हव्यात : अपराध आणि क्रमांक स्पष्ट दाखवणारे छायाचित्र, यंत्राने केलेले मोजमाप, तारीख, वेळ व ठिकाण, कायद्याचे कोणते कलम मोडले ते, आणि नोटीस काढल्याची तारीख. एकेक गोष्ट बोट ठेवून वाचा. छायाचित्रातली गाडी आपलीच आहे का? आपली मोटारसायकल काळी आणि चित्रात पांढरी स्कूटर असेल, तर क्रमांक चुकीचा वाचला गेला असेल किंवा कोणी आपला क्रमांक लावून फिरत असेल. अशा वेळी गप्प बसू नये. चित्राची प्रत ठेवून रीतसर तक्रार नोंदवावी. चलन मान्य नसेल तर न्यायालयापुढेही म्हणणे मांडता येते. मुदतीचे नियम बदलत असतात, म्हणून नोटिशीवर छापलेली मुदत पाहावी आणि ती टळू देऊ नये.

चलनाच्या नावाने खोटे संदेशही फिरतात. संदेशासोबत एखादे ॲप आले तर ते मोबाइलमध्ये घेऊ नये, त्यातून बँकेतले पैसे जातात. संदेशातील दुव्यावर बोट न ठेवता सरकारच्या 'परिवहन' संकेतस्थळावर स्वतः जाऊन गाडीचा क्रमांक टाकावा. खरे चलन असेल तर ते तिथे दिसते.

आपण सीमेवरची माणसे, त्यामुळे गाड्या इकडच्या तिकडे विकल्या जातात. नुसत्या कोऱ्या कागदावर सही घेऊन गाडी दिली की पुढची सगळी चलने जुन्या मालकाला येतात. कायद्याने विक्रीची खबर राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत द्यायची असते. परराज्यात विकल्यास ना-हरकत पत्रासह ४५ दिवसांची मुदत आहे. नोंदणीतला मोबाइल क्रमांक जुना असेल तर तोही बदलून घ्यावा, नाहीतर चलने साठत जातात आणि घरी पत्ताच नसतो.

दंड, सवलत आणि नाराजी

केंद्राच्या कायद्यात हेल्मेट नसल्यास १,००० रुपये दंड आहे. कर्नाटकाने सप्टेंबर २०१९ मध्ये तडजोडीची रक्कम ५०० केली. चार वर्षांवरील मुलालाही हेल्मेट सक्तीचे आहे, हे पुष्कळांना माहीत नसते. रोजंदारीच्या घरात ५०० रुपये ही लहान गोष्ट नाही, आणि अशी चार चलने एकदम कळली तर महिन्याचे गणित कोलमडते.

लोकांची नाराजी खोटी नाही. जुलै २०२५ च्या आरंभी महाराष्ट्रातील मालवाहतूकदारांनी ई-चलनांविरुद्ध संप केला होता. आपल्या राज्याने फेब्रुवारी २०२३ मध्ये थकलेल्या दंडावर निम्मी सवलत दिली, तेव्हा एकट्या बंगळुरात थोड्याच दिवसांत शंभर कोटींहून अधिक रुपये जमा झाले. केवढी चलने न भरता पडून होती, ते यावरून दिसते. २०२५ मध्ये पुन्हा तशी सवलत मिळाली. ज्यांनी वेळेवर पूर्ण दंड भरला त्यांना काय वाटले असेल, याचा विचार वर्गात जरूर करा.

पण दुसरी बाजूही पाहा. देशात २०२२ मध्ये १,६८,४९१ माणसे रस्त्यावर दगावली. त्यांत हेल्मेट न घातलेली ५०,०२९ होती. बंगळूर-म्हैसूर महामार्गावर २०२३ मध्ये १८८ मृत्यू झाले होते, २०२४ मध्ये ते ५० वर आले. हे सारे श्रेय कॅमेऱ्यांचे नाही. दुचाकी, तीनचाकी आणि ट्रॅक्टर यांना ऑगस्ट २०२३ पासून मुख्य मार्गावर बंदी झाली होती आणि पोलिसांची गस्तही वाढली होती. तरीही वेगाला कोणीतरी मोजते आहे, हे कळल्यावर माणूस पाय आवरतो.

जिथे कॅमेरा नाही

गावाकडच्या फाट्यावर सिग्नल नसतो, थांबरेषा नसते. टमटम थांबते, एसटी वळते, उसाच्या हंगामात ट्रॉल्या जातात आणि त्यांच्यामधून मुले शाळेला येतात. इथे चलन येणार नाही. पण थांबायला लागणारे अंतर जे शहरात तेच इथेही आहे.

पालकांना एक सांगणे आहे. अठरा वर्षांखालील मुलाच्या हाती मोटारसायकल देऊ नका. मुलाने गुन्हा केला तर कलम १९९-अ नुसार पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी १२ महिने रद्द होते, आणि त्या मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत परवाना मिळत नाही.

विश्वस्त मंडळाला आमची विनंती अशी की, शाळेच्या आवारात विद्यार्थ्यांच्या मोटारसायकली येऊ देऊ नयेत, आणि महिन्यातून एका शनिवारी पालकांची चलने वाचून समजावून देण्याची सोय करावी. वरच्या वर्गातली मुले कन्नड, इंग्रजी आणि मराठी तिन्ही वाचतात. त्यांच्याकडून हे काम उत्तम होईल.

स्वाध्याय

१. गाडीने १२ किलोमीटर अंतर ८ मिनिटांत कापले. मर्यादा ताशी ८० होती. सरासरी वेग किती? नियम मोडला का?

२. ताशी ५४ वेगाने जाणारी गाडी वरील हिशेबाने किती मीटरवर थांबेल?

३. अपराध ३ जूनचा, नोटीस २५ जूनची. २०२१ च्या नियमाप्रमाणे ती वेळेत आहे का?

४. घरातल्या गाडीच्या नोंदणीत कोणाचे नाव आणि कोणता मोबाइल क्रमांक आहे, ते विचारून या.

५. चर्चा करा : थकलेल्या दंडावर सवलत देणे न्याय्य आहे का?

उत्तरे : १. ताशी ९०, होय. २. ३७.५ मीटर. ३. नाही. चौथ्याचे उत्तर घरी मिळेल, पाचव्याचे सर्वांनी मिळून शोधायचे आहे.