आधी माणसांची यादी ठरवा

कंपनीच्या पोर्टलला कॉन्फ्लुएन्स, सेमटाइम किंवा तत्सम एकत्र काम करण्याचं सॉफ्टवेअर जोडायचं ठरलं, की बैठकांचा वेळ मुखपृष्ठावर काय दिसावं आणि चॅटची चौकट डावीकडे असावी की उजवीकडे, यात जातो. वापरकर्ते कुठून आणायचे हा प्रश्न कुणी चर्चेला घेत नाही. तो उगवतो इन्स्टॉलेशनच्या एका पडद्यावर. तिथे चार-पाच पर्याय असतात, त्यातला जो पटकन जोडला जाईल तो निवडला जातो आणि काम पुढे सरकतं. अशा जोडण्यांमध्ये पुढे जे बिघडतं त्यातल्या बऱ्याच गोष्टींचं मूळ या एका निवडीत सापडतं, असं माझं अनुभवाअंती झालेलं मत आहे. म्हणून डिरेक्टरी, म्हणजे वापरकर्त्यांची यादी, निवडताना कोणती सोपी, हा प्रश्न बाजूला ठेवावा. माणूस नोकरी सोडून गेला हे सर्वांत आधी कोणत्या यादीला कळतं, हे विचारावं. ज्या यादीला कळतं तिच्यावरच पोर्टल आणि नवं सॉफ्टवेअर दोन्ही उभी करावीत.

बहुतेक कंपन्यांत ही यादी म्हणजे मायक्रोसॉफ्टची ॲक्टिव्ह डिरेक्टरी. विंडोज २००० बरोबर ती आली आणि कार्यालयातला प्रत्येक संगणक तिलाच विचारून लॉगिन देतो, त्यामुळे एचआरने राजीनामा नोंदवला की आयटीचा माणूस पहिलं खातं बंद करतो ते इथलं. बंद करणं म्हणजे तांत्रिकदृष्ट्या एका आकड्यातला एक बिट बदलणं. साध्या खात्याचा ५१२ चा ५१४ होतो. पोर्टल याच डिरेक्टरीवर असेल तर नव्या लॉगिनसाठी त्याचंही दार लगेच बंद होतं. पण कॉन्फ्लुएन्सला त्याची स्वतःची अंतर्गत डिरेक्टरी दिली असेल आणि सुरुवातीला एक्सेलच्या फाइलमधून नावं भरली असतील, तर तिथलं खातं आणि पासवर्ड जिवंतच राहतात. पहिले काही महिने फरक जाणवत नाही, कारण तेवढ्यात फारसं कुणी गेलेलं नसतं. मधला एक मार्गही असतो: पासवर्ड ॲक्टिव्ह डिरेक्टरीत तपासायचा, पण ग्रुप सॉफ्टवेअरनेच सांभाळायचे. तो अंतर्गत यादीपेक्षा बरा, पण अर्धाच. गेलेल्या माणसाला लॉगिन मिळत नाही. मात्र विक्री विभागातून खरेदीत गेलेल्या माणसाला विक्रीची पानं दिसतच राहतात, कारण बदलीची खबर त्या ग्रुपांपर्यंत पोचतच नाही.

यादी एक ठरली तरी माणूस ओळखायचा कशावरून, हे ठरवावं लागतं, आणि इथे घाई फार महागात पडते. ईमेलवरून ओळखू म्हणावं तर लग्नानंतर आडनाव बदललं की ईमेल बदलतो. नावावरून म्हणावं तर एस. पाटील किती निघतील याचा अंदाज महाराष्ट्रातल्या कुठल्याही ॲडमिनला आहे. ॲक्टिव्ह डिरेक्टरीचं जुन्या पद्धतीचं लॉगिननाव वीस अक्षरांपुरतं मर्यादित असतं. रोमन लिपीत नाव, टिंब आणि आडनाव अशा नेहमीच्या पद्धतीने ज्ञानेश्वर कुलकर्णी बरोबर वीस अक्षरांत बसतात. ज्ञानेश्वर देशपांडे एका अक्षराने बाहेर राहतात. मग त्यांचं नाव कुठे छाटलं जातं तर कुठे पूर्ण राहतं, आणि दोन सॉफ्टवेअरांच्या लेखी ते दोन माणसं होतात. डिरेक्टरीतला पूर्ण पत्ता, म्हणजे ज्याला डीएन म्हणतात तो, त्याहून घातक, कारण विभागांची फेररचना झाली आणि खातं डिरेक्टरीतल्या एका ओयूतून, म्हणजे विभागाच्या कप्प्यातून, दुसऱ्यात हलवलं की तो बदलतो. यावर उपाय डिरेक्टरीतच तयार असतो. ॲक्टिव्ह डिरेक्टरी प्रत्येक खात्याला ऑब्जेक्ट-जीयूआयडी देते, ओपन-एलडॅप एंट्री-यूयूआयडी देते. लग्न, बढती, बदली, कशानेही ते बदलत नाहीत. वाचायला ते कुरूप असतात आणि म्हणूनच कुणी त्यांना हात लावत नाही. जोडणी त्यांच्यावर बांधावी, बाकी सगळं फक्त दाखवण्यापुरतं ठेवावं.

हा मुद्दा किती खोल जातो ते आयबीएमच्या जुन्या घराण्यात नीट दिसतं. डॉमिनो, सेमटाइम आणि तिथलं पोर्टल २०१९ साली एचसीएलकडे गेलं, पण असंख्य कार्यालयांत ते अजून चालू आहे. पोर्टल एलडॅपवर, म्हणजे डिरेक्टरीला प्रश्न विचारण्याच्या मानक पद्धतीवर, असतं; तिथे माणसाच्या नावाचे भाग स्वल्पविरामांनी जोडलेले असतात. डॉमिनोच्या स्वतःच्या डिरेक्टरीत तेच भाग तिरप्या रेघांनी जोडतात. एकदाच लॉगिन व्हावं म्हणून पोर्टल जे एलटीपीए टोकन पुढे देतं त्यात हे नाव जातं. दुसऱ्या बाजूला ते नाव ओळखीचं वाटलं नाही तर गंमत अशी की उघड चूक दिसतेच असं नाही. चॅटमधला हिरवा ठिपका उगवत नाही, स्वतःच तयार केलेल्या दस्तऐवजावर 'परवानगी नाही' येतं, आणि हेल्पडेस्क ब्राउझरची कॅश साफ करायला सांगतो. नावांची जुळणी करून देणारी सोय असते, पण ती आयुष्यभर सांभाळावी लागते. दोन्हीकडे एकच एलडॅप दिलं की तिची गरजच बरीच कमी होते.

ग्रुपांबद्दल थोडक्यात सांगतो. ॲक्टिव्ह डिरेक्टरीत ग्रुपच्या पोटात ग्रुप असतात. साध्या प्रश्नाला फक्त थेट सदस्यत्व उत्तर म्हणून मिळतं, आणि खात्याचा प्राथमिक ग्रुप तर त्या यादीत येतच नाही. त्यामुळे 'सर्व कर्मचारी' या भरवशावर बेतलेले अधिकार काहींना मिळतात, काहींना नाही. दोन डिरेक्टऱ्या एकाच सॉफ्टवेअरला जोडल्या तर त्यांचा क्रमही महत्त्वाचा ठरतो. कॉन्फ्लुएन्समध्ये एकच लॉगिननाव दोन्हीकडे असेल तर वरच्या डिरेक्टरीतला माणूस खरा धरला जातो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: आता एसएसओ, म्हणजे एकदाच लॉगिन करण्याची सोय, आहे, त्यासाठी एसएएमएल आहे, डिरेक्टरीची चर्चा कालबाह्य झाली. एसएएमएल २.० आलं २००५ मध्ये आणि ते आपलं काम उत्तम करतं, पण ते काम म्हणजे आत येऊ पाहणारा माणूस कोण हे सांगणं. जो येतच नाही त्याच्याबद्दल ते गप्प असतं. पहिल्या लॉगिनला खातं आपोआप तयार होण्याची सोय सगळ्यांना आवडते. ते खातं मिटवायला कोण येणार, हे विचारलं की शांतता पसरते. ती पोकळी भरायला एससीआयएम नावाचं मानक २०१५ पासून आहे, आणि सॉफ्टवेअर ते पाळत असेल तर जरूर वापरावं. पण एससीआयएम तरी कुठून वाचणार? मूळ यादी आणि न बदलणारी ओळख हे दोन्ही प्रश्न तिथेही जसेच्या तसे उभे राहतात.

दुसरा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो. चाकण असो की बुटीबोरी, कारखान्यात रोज काम करणारी बरीच माणसं कंत्राटदाराच्या मस्टरवर असतात; सल्लागार, ऑडिटर, पुरवठादार वेगळेच. यांच्यातले अनेक ॲक्टिव्ह डिरेक्टरीत नसतात, आणि त्यांच्या जाण्याची वार्ता एचआरलाही शेवटी कळते. त्यांच्यासाठी दुसरी डिरेक्टरी लागते हे मान्य. मात्र ती मुद्दाम वेगळी, छोटी आणि क्रमाने खालची असावी. लॉगिननावाला वेगळा उपसर्ग असावा, म्हणजे टक्कर होणार नाही. प्रत्येक खात्याला संपण्याची तारीख सक्तीची असावी, आणि मुदत वाढवायची असेल तर कंपनीतल्या एका नामनिर्देशित माणसाने मागणी करावी. ॲडमिनचा एकही ग्रुप तिथे असू नये. काही जण सोय म्हणून या माणसांनाही अंतर्गत डिरेक्टरीत टाकतात. मी त्याच्या विरोधात आहे, कारण तारीख टाकायची शिस्त तिथे कुणी पाळत नाही.

तिसरा आक्षेप असा की सगळं एका डिरेक्टरीवर टांगलं तर ती बंद पडल्यावर सगळंच बंद. हा खरं तर डिरेक्टरी निवडण्याचा प्रश्न नसून सर्व्हर किती ठेवले याचा आहे. ॲक्टिव्ह डिरेक्टरीत एकाहून अधिक डोमेन कंट्रोलर ठेवता येतात. जोडणीत मात्र एकाचंच नाव लिहून ठेवलेलं असतं, दोष तिथे आहे. प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये एक स्थानिक ॲडमिन खातं ठेवावं, त्याचा पासवर्ड पाकिटात बंद असावा, एवढं पुरतं. नावांच्या प्रती चार ठिकाणी ठेवल्याने उपलब्धता वाढत नाही, विसंगती वाढते. शिवाय सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबरसुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस जपायचे असतात. पोर्टलच्या लॉगमधला माणूस आणि चॅटच्या लॉगमधला माणूस एकच आहे हे सिद्ध करता आलं नाही, तर ते जपलेले लॉग तपासणीत फार उपयोगी पडत नाहीत.

जोडणी स्वीकारण्याआधी चाचणीचं एक खातं घ्या आणि त्याला नोकरीभर जे जे होऊ शकतं ते एका दुपारी करून पाहा: आडनाव बदला, ओयू बदला, पोटग्रुपमध्ये टाका, मग खातं बंद करा आणि दोन्हीकडे बंद व्हायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजा. कॉन्फ्लुएन्सचं डिरेक्टरीशी सिंक मूळ सेटिंगनुसार दर ६० मिनिटांनी होतं, तेव्हा मधल्या काळात काय चालतं तेही बघा. रिकामा पासवर्ड टाकून लॉगिन करून पाहायला विसरू नका. नाव आहे पण पासवर्ड नाही अशा विनंतीला काही एलडॅप सर्व्हर अनामिक समजून 'यशस्वी' म्हणतात, आणि सॉफ्टवेअर निष्काळजी असेल तर दार उघडतं. आणि ज्यांची जोडणी आधीच चुकीच्या यादीवर चालू आहे त्यांनी जुनी खाती धडाधड पुसू नयेत. आधी जुन्या नावांची जीयूआयडीशी जुळणी करून ती एका वरिष्ठाकडून तपासून घ्यावी, मग डिरेक्टरी बदलावी, आणि ज्यांची जुळणी लागत नाही ती खाती फक्त निष्क्रिय करावीत, म्हणजे त्यांनी लिहिलेली पानं लेखकाच्या नावासह शाबूत राहतात.