इंग्रजी शब्दांची कुळे

आपल्या राज्यात सन २००० पासून इंग्रजी हा विषय पहिल्या इयत्तेपासून शिकविला जातो. तथापि रोज काही शब्द अर्थांसह पाठ करवून घेणे, याखेरीज शब्दसंग्रह वाढविण्याचा दुसरा उपाय पुष्कळदा योजला जात नाही. असे सुटे शब्द परीक्षेबरोबरच विरून जातात. पुढे अकरावीस विज्ञानाचे इंग्रजी पुस्तक हाती आले म्हणजे विषय मराठीत उत्तम समजलेला विद्यार्थीही केवळ शब्दांपायी अडतो. त्याची तयारी आपल्याच वर्गात व्हावयास हवी.

त्यासाठी शब्द एकेकटा न शिकविता त्याच्या कुळासह शिकवावा. एकाच धातूस उपसर्ग लागून आहार, विहार, प्रहार, संहार हे शब्द होतात, हे शिक्षकांस विदितच आहे. इंग्रजीतही हीच रीत आढळते. तिवशावरून जाणाऱ्या नागपूर-अमरावती महामार्गावर मालमोटारींवरील ‘ट्रान्सपोर्ट’ हा शब्द मुले रोज पाहतात. वाहून नेणे या अर्थाच्या लॅटिन धातूपासून ‘पोर्ट’ आला. ‘ट्रान्स’ म्हणजे पलीकडे, ‘इम्’ म्हणजे आत, ‘एक्स्’ म्हणजे बाहेर. एवढे सांगितले की इम्पोर्ट व एक्स्पोर्ट यांचे अर्थ मुले आपण होऊन सांगतील. स्टेशनावरील पोर्टरही याच कुळातला. मात्र ‘एअरपोर्ट’मधील पोर्ट बंदरवाचक आहे, तेथे हा अर्थ लावू देऊ नये.

वऱ्हाडातील मुलास ‘जिन’ हा शब्द घरचाच. सरकी वेगळी करणाऱ्या यंत्राचे हे नाव ‘इंजिन’चाच संक्षेप असून ‘इंजिनिअर’ हा त्याचा भाऊबंद. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ बुद्धिचातुर्य. म्हणूनच कल्पक मनुष्यास ‘इंजीनियस’ म्हणतात. आपल्याकडील संत्र्याचे इंग्रजी नाव ‘ऑरेंज’ हे तर संस्कृत ‘नारंग’चेच फारसी, अरबी व फ्रेंच भाषांतून फिरून आलेले रूप होय! ही हकीकत मुले विसरत नाहीत.

वरच्या इयत्तांत परिभाषेकडे वळावे. ‘फोटो’ म्हणजे प्रकाश, ‘सिंथेसिस’ म्हणजे संश्लेषण. प्रकाशसंश्लेषण हा मराठी शब्द त्या इंग्रजी शब्दाचा अवयवशः अनुवाद आहे. तापमापी व थर्मामीटर यांचेही तसेच. दोन्ही शब्द फळ्यावर एकाखाली एक लिहून त्यांचे अवयव रेघांनी जोडून दाखवावेत.

आठवड्यास एकच कूळ पुरे. वहीत त्यास स्वतंत्र पान द्यावे व पाठात नवा सोयरा भेटला की तेथेच नोंदवावा. तपासणीच्या वेळी अर्थ न विचारता आपल्या गावासंबंधीचे एक इंग्रजी वाक्य करून घ्यावे.