वय विचारायला लाजायचं नाही

सासरे अंथरुणाला खिळलेले, नवरा बोटीवर आणि परमिट रूमचा गल्ला तुझ्या गळ्यात. ऐकून माझ्याच पोटात गोळा आला गं. पण स्टॉक, हिशेब, एक्साइजची रजिस्टरं हे सगळं तुला जमेल. नणंदेच्या लग्नाचा अख्खा स्वयंपाक तू एकटीने उरकलास, तुला काय अवघड आहे? मला काळजी आहे ती संध्याकाळी सातनंतर दारात येणाऱ्या, नुकतं मिसरूड फुटलेल्या पोरांची.

आधी आकडे पाठ कर. आपल्याकडे बिअर आणि वाइनला 21, व्हिस्की-रमसारख्या कडक मालाला 25. तुझं गाव गोव्याच्या हद्दीजवळचं, त्यामुळे पोरं तोंडावर सांगतील, "काकी, पत्रादेवी ओलांडली की देतात." देत असतील. तिथला नियम काहीही असो, तो पत्रादेवीपलीकडे. तू अलीकडे आहेस.

आता नीट ऐक. पोरगा 18 च्या आतला निघाला तर गोष्ट एक्साइजच्या नोटिशीवर थांबत नाही. 2015 च्या बाल न्याय कायद्याचं कलम 77 लागतं. सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि लाखापर्यंत दंड. त्यातून सूट एकच, योग्य डॉक्टरने सांगितलं असेल तर. म्हणजे "बाबांना विचारलंय", "बाबा शेजारच्या टेबलावरच आहेत" यातलं काही चालत नाही. शिवाय कलमात देणाराही येतो आणि द्यायला लावणाराही येतो. सत्तावीस वर्षांचा आतेभाऊ सगळ्या टेबलाची ऑर्डर देतो आणि तुझा वेटर तो ग्लास धाकट्यापुढे ठेवतो, तर बघ, अडचणीत दोघंही येतात.

पुण्याचं आठवतंय ना? 19 मे 2024 ची पहाट, कल्याणीनगर. सतरा वर्षांचा मुलगा, पोर्शे गाडी आणि बाइकवरचे दोन तरुण इंजिनिअर हकनाक गेले. आपण सगळे तेव्हा जामिनाच्या अटीतल्या तीनशे शब्दांच्या निबंधावर बोललो, बापाच्या पैशावर बोललो, बदललेल्या रक्ताच्या नमुन्यांवर बोललो. मी पडले धंद्यातली, माझं लक्ष दुसरीकडेच. तो मुलगा त्या रात्री मित्रांबरोबर दोन पबमध्ये बसला होता. एका ठिकाणचं बिल 48 हजारांचं होतं, असं खुद्द पोलीस आयुक्तांनी सांगितलं. दोन-तीन दिवसांत दोन्ही जागांना सील लागलं आणि मालक-मॅनेजर मंडळी कोठडीत गेली. गाडी त्यांची नव्हती, चालवायला ते बसले नव्हते. पण पोलिसांच्या हातात बिल होतं आणि सीसीटीव्हीचं फुटेज होतं. त्या बिलात नफा किती सुटला असेल याचा हिशेब मी नवऱ्याला घालून दाखवला, तर तो जेवता जेवता गप्पच झाला.

माझी चुलत नणंद शिकागोला असते. तिच्याकडे दारू पिऊन कुणी कुणाला जखमी केलं, तर जखमी माणूस पाजणाऱ्या बारवर भरपाईचा दावा लावू शकतो. आपल्याकडे अपघाताची भरपाई मागतात ती गाडीमालकाकडे आणि विमा कंपनीकडे. दारूवाल्याच्या वाट्याला फौजदारी आणि परवान्यावर गदा. खरं सांगू का, तो दावा इथेही यायला हवा. माझ्याच धंद्याच्या मुळावर येईल, तरी यायला हवा.

बरं, करायचं काय? चेहऱ्यावर जाऊ नकोस. मी एकदा गावात नव्याने आलेल्या एका बँकेच्या साहेबांना आधार कार्ड मागितलं होतं. गुळगुळीत दाढी, खांद्याला सॅक, मला वाटलं कॉलेजचा पोरगा. बिचारा चाळिशीचा! अजून भेटला की हसतो आणि आधी कार्ड पुढे करतो. तशी फजिती परवडते गं. टेबलावरच्या एकालाच विचारलंस तर त्याला अपमान वाटतो, म्हणून सगळ्यांना विचार. मोबाइलवरचा फोटो चालवून घेऊ नकोस, जन्मसाल बदलणं ही या पोरांना दोन मिनिटांची करामत. कार्ड हातात घे, नाहीतर डिजिलॉकर समोर उघडायला लाव. आणि गिऱ्हाईकाला पिण्यासाठी द्यायच्या एकदिवसीय परवान्यांचं पुस्तक कुणी आधीच नावं टाकून भरून ठेवत असेल, तर ते आजच बंद कर.

वेटरांना एक गोष्ट सांगून ठेव. नाही म्हटल्यामुळे गिऱ्हाईक उठून गेलं तर कुणी त्यांना बोलणार नाही. टिप बुडते म्हणून ती पोरं गप्प बसतात. गिऱ्हाईकाने आवाज चढवला तर "वहिनींचा नियम आहे" असं त्यांनी बेलाशक सांगावं. नाव तुझं खराब होऊ दे, काही झिजत नाही.

कुणी पोरगा बाहेरून पिऊन आला असेल तर त्याला बाइकवर परत पाठवू नकोस. बसव, पाणी दे, घरी फोन लाव. बाप चिडला तर शांतपणे सांग, की अल्पवयीन पोराने गाडी चालवून काही केलं तर मोटार वाहन कायद्यात पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार दंड आहे, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द. मग बाप स्वतः न्यायला येतो बघ.

अजून एक, घरातलंच. गर्दी वाढली की आपण हाताशी असेल त्याला हाक मारतो. तुझ्या सोन्याला टेबलावर बाटली ठेवायलासुद्धा पाठवू नकोस. मुलाला दारूच्या विक्रीत वापरणं हे कलम 78, शिक्षा तेवढीच. तो खारे शेंगदाणे भरायला तरी का असावा तिथे? अभ्यासाला बसव.

आणि हे सगळं करण्याआधी मामंजींकडून परवाना मागून घे. तो त्यांच्या नावावर आहे, म्हणजे तुझ्या वेटरने केलेला घोळ अंथरुणावरच्या माणसापर्यंत जातो. तुझ्या नावाचा नोकरनामा झालाय का ते एक्साइजच्या ऑफिसात विचार. झाला नसेल तर तो होईपर्यंत गल्ल्यावर जुन्या मॅनेजरला बसू दे, तू आतून लक्ष ठेव. सोमवारी जातेस का? मी येते बरोबर, तिथल्या रांगेत एकटीने उभं राहणं कंटाळवाणं असतं.