घड्याळ थरथरलं की ठोके चुकतात?

प्रश्न : पोलीस भरतीच्या १६०० मीटरचा सराव करतो. हलकं धावतानाही घड्याळ दर ४०० मीटरला थरथरलं की हृदयाचे ठोके १७० दिसतात. थरथरीने मोजणी बिघडते का?
– एक वाचक, लातूर

उत्तर : काळजी नको. थरथर क्षणभराची, तिने फार तर एखादा आकडा हलेल. खरा दोष बहुधा सैल पट्ट्याचा. घड्याळाचा हिरवा प्रकाश त्वचेखालचा रक्तप्रवाह टिपतो. घड्याळ हललं की ते पावलांची लयच ठोके समजतं, आणि पावलं मिनिटाला १६०-१७० सहज पडतात! मनगटाच्या हाडापासून बोटभर वर पट्टा घट्ट बांधा. थांबताच १५ सेकंद नाडी मोजून चौपट करा, पडताळा मिळेल. नांदेड-लातूरच्या उन्हात ठोके खरोखरही चढतात. छातीत दुखलं, चक्कर आली तर घड्याळ न पाहता थांबा, डॉक्टरांना गाठा.