टीप मशीनची, घडी इस्त्रीची

पोरी, आजीच्या जुन्या लुगड्यांचे चौकोन कापून बाळासाठी गोधडी करायला घेतलीस, ऐकून जीव सुखावला. पण इस्त्री कपाटातच आहे म्हणालीस, म्हणून बसून हे लिहिलं. यातली जवळजवळ प्रत्येक चूक माझ्या हातून झालेली आहे.

१. इस्त्री मशीनपासून दोन पावलांवर मांड — लांब असली की ‘सगळं झाल्यावर एकदमच करू’ असं म्हणतो आपण, आणि मग आतल्या शिवणींपर्यंत इस्त्री पोहोचतच नाही.

२. एका टिपेवरून दुसरी टीप जाण्याआधी पहिली दाबून घे — टिपेबाहेर सोडलेली कापडाची कड, म्हणजे माया, दुमडून एकदा दुसऱ्या टिपेखाली अडकली की उसवण्यावाचून इलाज नाही.

३. आधी शिवण आहे तशी मिटलेलीच दाब, मग उलगडून दाब — दोरा कापडात बसतो, टिपेच्या चुण्या निघतात. तुला कंटाळा लवकर येतो हे मला ठाऊक आहे, पण इथे नको.

४. इस्त्री ठेवायची आणि उचलायची. शर्टावर फिरवतो तशी फिरवायची नाही — ढकललं की कापड ताणलं जातं. त्रिकोणाच्या तिरप्या कडेला तर फारच जप. उरेब कापड म्हणजे माहेरी आलेली लेक, तिच्यावर जोर करायचा नसतो.

५. पाव इंच माया धरलीस, ती सगळीकडे पाव इंचच ठेव, आणि उलगडताना टिपेलगत बारीक घडी राहू देऊ नकोस. बारा चौकोनांच्या ओळीत अकरा जोड येतात. प्रत्येक जोडात एकच मिलिमीटर गेला तरी ओळ सेंटीमीटरभर आखडते. माझ्या पहिल्या गोधडीत अशा आखूड ओळी मी ओढून-ओढून जुळवल्या. मधोमध फुगा आला तो आला, पुढे किती धुतली तरी बसला नाही.

६. गोधडीत माया एकाच बाजूला पाड, गडद तुकड्याकडे — फिक्या कापडाखालून गडद माया सावलीसारखी दिसते. एका ओळीची माया डावीकडे, खालच्या ओळीची उजवीकडे गेली, की जोड एकमेकांत अडकून बसतात आणि चौकोनांचे कोपरे टाचणीशिवायही जुळतात. गडद-फिके चौकोन आलटून-पालटून लावलेस तर हे आपसूकच होतं.

७. ब्लाउजची गोष्ट वेगळी. खांद्याची आणि बगलेखालची माया दोन्हीकडे उलगड — अंगाला जाड लागत नाही. छातीचे आडवे टक्स खाली पाड, कमरेचे उभे मध्याकडे. आणि टक्स टॉवेलच्या घट्ट गुंडाळीवर दाब — सपाट जागी दाबलेस तर मेहनतीने आणलेली गोलाई चपटी होते.

८. रेशीम आणि जर उलट्या बाजूने, वर मलमलीचं फडकं घालून — रेशमावर पाण्याच्या थेंबाचाही डाग पडतो. इस्त्रीवरचे दोन ठिपके म्हणजे साधारण १५० अंश, तीन म्हणजे २००. रेशमाला दोनाच्या पुढे जाऊ नकोस.

९. लाल तुकडा फिक्याला जोडण्याआधी पांढऱ्या ओल्या फडक्याखाली दाबून बघ — रंग सोडायचाच असेल तर चिंधीवर सोडू दे.

१०. दाबलेली शिवण गरम असताना उचलू नकोस. वर एखादी जाड लाकडी फळी ठेव, दहा-पंधरा सेकंद — लाकूड वाफ ओढून घेतं आणि घडी बसते. गरमात वळते, गारात टिकते.

११. प्लॅस्टिकच्या डोक्याच्या टाचण्या आधी काढ — वितळून कापडाला चिकटतात.

१२. इस्त्री किती तापली हे ठिपक्यांवर सोडू नकोस. कापडाच्या कातरणावर आधी टेकव. माझी आजी पितळी तांब्यात निखारे घालून परकर-पोलकी दाबायची. तांब्याचं बूड आधी ओल्या फडक्यावर टेकवायची आणि चुर्र आवाज ऐकून ठरवायची, आता सुती घ्यायचं की रेशमी. आवाज पसंत पडला नाही तर कडेला ठेवून गप्प बसून राहायची, घाई नाही.

चौकोन उरले तर टाकू नकोस, बाळाच्या कुंचीला लागतील. कुंचीच्या गोलाईला मायेत बारीक चिरा द्याव्या लागतात, टिपेला कात्री न लावता. तेवढ्या वेळी मला फोन कर, मी सांगते तशी काप.