ड्रायव्हरच्या सीटवरून स्वतःकडे बघ

बाळा, इचलकरंजीला मागावर लागलास, चांगलं झालं. पण पाळी सुटल्यावर सायकलवरून शिरोळच्या बाजूला यायचं म्हणजे थंडीत सगळा रस्ता अंधाराचा, त्यात उसाचा हंगाम. माझी उमेदीची वर्षं एसटीच्या स्टिअरिंगमागे गेली आणि डेपोतून घरी मात्र मी सायकलनंच यायचो. रस्ता दोन्हीकडून पाहिलाय, म्हणून सांगतो. रात्री सायकलला टांग मारण्याआधी मनानं ड्रायव्हरच्या सीटवर बसायचं आणि तिथून आपण कसे दिसतो ते बघायचं. पुढचं सगळं त्यातूनच आलंय.

तुला गाडी दिसली म्हणजे गाडीवाल्याला तू दिसलास, असं धरू नकोस.

गाडीचे दिवे तुला लांबूनच दिसतात, म्हणून वाटतं की त्यानंही आपल्याला पाहिलंय. साठच्या स्पीडला गाडी सेकंदाला १६-१७ मीटर जाते. समोर काहीतरी आहे हे कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंत २५ मीटर संपतात. कोरड्या डांबरावरसुद्धा गाडी थांबायला एकूण ५० मीटरच्या आसपास लागतात, भरलेल्या ट्रकला त्याहून जास्त. आणि डिपरवर गडद कपड्यांतला माणूस २५-३० मीटरवर येईपर्यंत नीट उमगत नाही. ड्रायव्हर कितीही सावध असू दे, हा हिशेब जुळत नाही. तो तुलाच जुळवायचा आहे.

पहिला मान मागच्या दिव्याला.

आमच्या वेळी डायनामो होता. चाक थांबलं की दिवा गेला, म्हणजे नेमका चौकात उभं राहिल्यावर अंधार. आता चार्जिंगचे दिवे मिळतात. मागे लाल, पुढे पांढरा, यात अदलाबदल करायची नाही, कारण रंगावरूनच ड्रायव्हर ओळखतो की समोरचा येतोय की चाललाय. मागचा दिवा सलग पेटता ठेव. उघडझाप करणारा दिवा नजर खेचतो, पण तो किती लांब आहे याचा अंदाज येत नाही. दोन दिवे असतील तर एक पेटता आणि एक लुकलुकता. सीटखाली लावलेला दिवा स्वेटरनं, रेनकोटनं नाहीतर डब्याच्या पिशवीनं झाकला जातो. त्यापेक्षा कॅरियरच्या मागच्या टोकाला घट्ट बसव. तोंड सरळ मागे कर, आभाळाकडे नको.

रेडियम लाव, पण नुसत्या रेडियमवर विसंबू नकोस.

रेडियम मांजराच्या डोळ्यासारखं असतं, उजेड ज्या दिशेनं येतो तिकडेच परत फेकतं. ड्रायव्हरचे डोळे हेडलाइटच्या जवळपास असतात, म्हणून त्याला ते शंभर मीटरच्याही पलीकडून लख्ख दिसतं. मात्र उजेड पडलाच नाही तर तो काळा कागद समज. बाजूच्या बोळातून निघणाऱ्या गाडीचे दिवे तुझ्यावर नसतात, समोरच्या भिंतीवर असतात. तिथे तुझा स्वतःचा दिवाच कामाला येतो.

नंबरप्लेट करणाऱ्या रेडियमवाल्याकडे कापलेले तुकडे स्वस्तात मिळतात. मागच्या मडगार्डवर लाल चिकटव, पुढे पांढरं, बाजूला पिवळं. आधी तेल-चिखल पुसून जागा कोरडी कर, पट्टीचे कोपरे गोल काप म्हणजे ती लवकर सुटत नाही, आणि चिकटवल्यावर नखानं दाबून हवा काढ. रस्त्याच्या धुळीनं ते आंधळं होतं. चेनला तेल घालशील तेव्हा ओल्या फडक्यानं तेही पूस.

पाय हलताना दिसू देत.

माझ्या मते हा सगळ्यांत मोलाचा कानमंत्र. पाठीवर चमकणारा ठिपका म्हणजे मैलाचा दगड आहे, उभी ट्रॉली आहे की माणूस, हे ड्रायव्हरला लगेच कळत नाही. पण घोट्याशी दोन ठिपके वरखाली होऊ लागले की डोकं क्षणात सांगतं, सायकलवाला! स्वीडनच्या गुन्नार योहान्सन या मानसशास्त्रज्ञानं १९७३ साली हे दाखवून दिलं होतं. अंधारात माणसाच्या सांध्यांवर फक्त प्रकाशाचे ठिपके ठेवले, तरी ते हलताच बघणाऱ्याला चालता माणूस ओळखता आला. म्हणून दोन्ही घोट्यांना चमकते पट्टे बांध, पँट चेनमध्ये अडकायचीही वाचते. पायडलला रिफ्लेक्टर असतील तर काढू नकोस. मनगटालाही एक पट्टा असू दे, नाहीतर उजवीकडे वळताना दाखवलेला हात अंधारात कुणाला दिसणार?

नुसतं पोपटी जाकीट घेऊन फसू नकोस.

ते भडक रंग दिवसाउजेडी उठून दिसतात, सूर्यप्रकाशातल्या अतिनील किरणांवर त्यांची सगळी मिजास. हेडलाइटमध्ये ती उतरते. रात्री काम करतात त्यावरच्या चंदेरी पट्ट्या. पट्ट्या नसतील तर ते जाकीट दिवसाउजेडीच घाल. आणि पाठीवर सॅक घेतलीस की पट्ट्या झाकल्या जातात, तेव्हा सॅकलाही रेडियम लाव.

दोन गाड्यांचे दिवे एकमेकांवर पडले की तू गायब होतोस.

समोरच्यानं अप्पर मारला की ड्रायव्हरचे डोळे दिपतात, आणि तो निघून गेला तरी दोन-चार सेकंद समोर नुसता काळोख असतो. नेमका त्याच टप्प्यात तू असलास तर तुझा दिवाही त्या झगमगाटात हरवतो. मागून आणि पुढून गाड्या एकदमच येताना दिसल्या तर साइडपट्टीवर उतर, त्यांना जाऊ दे. अर्धं मिनिट जाईल, जाऊ दे.

उसाच्या ट्रॉलीपासून लांब राहा.

ट्रॉलीच्या मागं धरून जायची पोरांना हौस असते. ती नको. मागच्या गाडीला आधी ट्रॉलीचाच पत्ता नसतो, त्यात तू तिच्या सावलीत. बंद पडलेल्या ट्रॉल्या तर रस्त्यातच, मागे दिव्याशिवाय उभ्या असतात. तेव्हा पुढचा दिवाही असा असावा की तुलाच त्या आधी दिसतील. आणि जवळ पडतं म्हणून उलट्या बाजूनं कधी येऊ नकोस. समोरून येणाऱ्या गाडीच्या वेगात तुझा वेग मिळतो आणि वेळ आणखी कमी उरतो.

परीक्षा घरीच घे.

रात्री सायकल गल्लीच्या टोकाला उभी कर, भावाला तिच्यावर बसून पायडल उलटं फिरवायला सांग. तू शंभर पावलं मागं ये आणि बॅटरी डोळ्याशेजारी धरून बघ. कमरेशी धरलीस तर रेडियम नीट चमकणार नाही आणि उगाच फसगत होईल. मागून, पुढून, दोन्ही बाजूंनी बघ. जिथे काही दिसलं नाही, तिथे तुझं काम बाकी आहे.

सगळं एकदम घ्यायला पगार पुरणार नाही, माहीत आहे. तर क्रम असा ठेव: आधी मागचा दिवा, मग घोट्याचे पट्टे, मग पुढचा दिवा, मग रेडियम, आणि उरलेच पैसे तर जाकीट. पहिल्या दोन गोष्टी होईपर्यंत मात्र दिवसपाळी सुटली की सायकल तिथेच लाव आणि एसटीनं ये.