घागरीपाशी ठेवायची वही

देवाचे उपकार आठवायला बसलं की तोंडी ठरलेलीच यादी येते. आरोग्य, मुलंबाळं, घर, नोकरी. रोज तेच म्हणता म्हणता जीभ चालत राहते आणि मन भलतीकडे फिरून येतं. आमच्या लातूरच्या घरात २०१६च्या उन्हाळ्यापासून त्यावर एक कृती चालू आहे. ती सांगते.

चाळीस पानी वही घ्या. घरात सगळ्यांची कुरकुर जिथे होते तिथे ती ठेवा. आमची वही पाण्याच्या घागरीजवळ खिळ्याला दोरीने टांगलेली असते. पवित्र शास्त्राशेजारी ठेवू नका, तिथे माणूस चांगलं-चांगलंच लिहितो.

आधी तक्रार लिहा. एकच वाक्य, तोंडातून निघालं तसं. आमच्या वहीतलं पहिलं वाक्य आईच्या हातचं आहे : ‘दोन घागरींसाठी चार तास उभी राहिले.’

मग ज्या वस्तूवरून तक्रार झाली तिचा माग काढा. ती आपल्यापर्यंत कुणाकुणाच्या हातून आली, ते एकाखाली एक लिहीत जा. सगळी कृती इथेच आहे, म्हणून घाई नको. आईने घागरीखाली लिहिलं टँकर, टँकरखाली स्टेशनजवळची विहीर, त्याखाली पाण्याची रेल्वे. त्या वर्षी लातूरला पाणी देणारं धनेगावचं धरण आटलं होतं. १२ एप्रिलला पहाटे मिरजेहून पहिली गाडी आली, १० वाघिणी, सुमारे ५ लाख लिटर पाणी. साडेतीनशे किलोमीटरवरून. वाघिणी तेल वाहणाऱ्या, राजस्थानात कोट्याला वाफेने धुऊन आणलेल्या. कुणी त्या धुतल्या, कुणी मिरजेला पाइप जोडला, कुणी रात्रभर इंजिन हाकलं. यातला एकही माणूस आम्हाला ओळखत नव्हता. शेवटी कृष्णा नदी आली आणि आईचं पेन थांबलं. नदीखाली तिने एकच शब्द लिहिला, ‘बापा’.

संध्याकाळी घरच्या प्रार्थनेत त्या पानावरची एकच गोष्ट नाव घेऊन सांगा. ‘सर्व उपकारांबद्दल’ म्हणू नका. ‘वाघीण धुणाऱ्या माणसाबद्दल, प्रभू’ असं म्हणा. मुलं पहिल्यांदा हसतात, हसू द्या. चार दिवसांनी तीच नवी नावं शोधून आणतात.

पुढची पायरी अवघड. लूकच्या १७व्या अध्यायात दहा कुष्ठरोगी बरे होतात आणि आभार मानायला एकटा शोमरोनी मागे फिरतो. पानावरचा एखादा माणूस गाठता येण्यासारखा असेल तर तसंच मागे फिरा. नांदेडच्या माझ्या मावशीने शिलाई मशीनची तक्रार लिहिली होती. माग काढता काढता ती शिवण शिकवणाऱ्या बाईंपर्यंत पोचली. त्यांना शोधत वजिराबादेत गेली, स्वतः शिवलेलं पोलकं घेऊन. बाईंनी आधी ते उलटं करून आतली शिवण पाहिली, आणि मग मावशीला जवळ घेतलं.

एक जपा. ज्याच्या घरात नुकतं दुःख झालं आहे त्याच्या हाती ही वही देऊ नका. आमच्या भागात ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, किल्लारीच्या भूकंपात, घरंच्या घरं गेली. तिथल्या माणसाला उपकार मोजायला सांगणं क्रूरपणा आहे. स्तोत्रसंहितेत विलापाची स्तोत्रं कितीतरी आहेत, ती त्याच्याजवळ बसून वाचा. तुमच्याही वहीत काही पानं तक्रारीपुढे सरकणार नाहीत. ती तशीच सोडा, बळंच काही लिहू नका.

वही भरली की जपून ठेवा. हंगामाच्या उपकारस्तुतीला आम्ही ज्वारीच्या टोपलीत जुनी वहीही ठेवून चर्चमध्ये नेतो. ओल्या हातांनी लिहून लिहून आमच्या पहिल्या वहीची पानं फुगली आहेत, आणि ‘बापा’वरची शाई थोडी पसरली आहे.